पायाखालचं थिगळ

१

सकाळी कुलूप उघडलं की ताईचं पहिलं काम म्हणजे चष्म्यांची आंघोळ. स्पिरिटचा बोळा घेऊन एकेक चष्मा आतून-बाहेरून पुसायचा, नाकावर टेकणारा स्पंज बदलायचा, पट्टे सैल करून ठेवायचे. चष्मा म्हणायचं ते आपलं सवयीने. खरं तर तो डोळ्यांवर बांधायचा काळा डबाच. तो बांधला की समोरची खोली नाहीशी होते आणि चारही बाजूंनी दुसरीच जागा उभी राहते. व्हीआर म्हणतात त्याला. ज्याला लिफ्टची भीती त्याने खुर्चीत बसल्या बसल्या लिफ्टमध्ये जायचं, ज्याला पुलाची भीती त्याने पुलावर, आणि छातीतली धडधड ओसरेपर्यंत तिथेच थांबायचं. हे पुन्हा पुन्हा केलं की एक दिवस खऱ्या लिफ्टमध्येही पाय ठेवता येतो.

ताई पूर्वी एका मोठ्या हॉस्पिटलात समुपदेशक होती. तिथे हे उपचार होते, पण नंबर लागेपर्यंत माणूस निम्मा खचायचा. शिवाय तिथल्या चष्म्यातला जिना संगमरवरी, लिफ्ट आरशांची, पूल कुठल्या तरी परक्या नदीवरचा. "आपल्या माणसांना ह्या जिन्याची भीतीच वाटत नाही हो," ती तिथल्या डॉक्टरांना म्हणाली. "त्यांना त्यांचा स्वतःचा जिना भिववतो." डॉक्टर हसले, पण वाक्य त्यांच्या डोक्यात बसलं असावं. ताईने नोकरी सोडून दुचाकी दुरुस्तीच्या गॅरेजमागे दोन खोल्या घेतल्या, तेव्हा पहिला चष्मा त्यांनीच आणून दिला आणि आठवड्यातून एकदा तिथे येऊन बसायला लागले.

बाकी सगळं घरचंच. लग्नांचे फोटो काढणारा एक मुलगा होता, त्याला सगळे लेन्स म्हणत. चारही बाजूंचं टिपणारा कॅमेरा त्याने भाड्याने मिळवला, आणि पेशंट जिथे अडकला असेल तिथेच जाऊन तो चित्रण करू लागला. ह्या कॅमेऱ्याला पाठ नसते, त्यामुळे चालू केला की पळून लपावं लागतं. लेन्स टाक्यांमागे लपला होता, फळ्यांखाली लपला होता, एकदा तर कपड्यांच्या दुकानात पुतळ्यांमध्ये पुतळा होऊन उभा राहिला होता. कॅमेऱ्याच्या स्टँडचे तीन पाय मात्र खाली दिसायचेच. ते झाकायला लेन्स तिथल्याच जमिनीचा गोल तुकडा चित्रातून कापून त्यावर चिकटवायचा. त्या तुकड्याला केंद्रात सगळे थिगळ म्हणायचे. जरा लक्ष देऊन पाहिलं तर थिगळाची कड धुरकट दिसायची आणि फरशीची नक्षी केसभर सरकलेली असायची.

त्यामुळे चष्म्यात खाली पाहिलं की जमीन दिसे, पण स्वतःचं अंग दिसत नसे. नवीन माणूस हमखास दचकायचा. "अहो, माझे पाय कुठे गेले?" यावर ताईचं उत्तर ठरलेलं. "पाय इथे जमा करून जायचे. परत येताना मिळतात." माणूस हसायचा, आणि हसला की अर्धं काम व्हायचं.

केंद्राचा नियम एकच होता. चष्मा डोळ्यांवर असेपर्यंत पेशंटला कशालाही नाही म्हणायचं नाही. हात धरा म्हणाला, धरायचा. गाणं म्हणा म्हणाला, म्हणायचं. भीतीने अर्धमेल्या माणसाला वरून आपला नकार कशाला?

आणि आवाज होता आईचा. चष्म्यात कुणीतरी धीर द्यायला हवा, आणि बाहेरचा माणूस बोलावणं परवडत नव्हतं. म्हणून ताईने आईला स्वयंपाकघरात बसवून तिच्याच शब्दांत बोलायला लावलं. आई म्हणाली, "सावकाश. थांबायचं असेल तर थांब. मी आहे इथे." डॉक्टरांनी ते ऐकलं आणि चष्मा काढून बराच वेळ हातातच धरून बसले. "एवढं खरं मला शिकवूनही सांगता आलं नसतं," ते म्हणाले.

खरं असणारच. ताईचे वडील हॉस्पिटलात वारले, आई एकटी घरी परतली, आणि त्या दिवसापासून तिने घराचं दार ओलांडलेलं नव्हतं.

२

पार्लर चालवणारी एक बाई लिफ्टसाठी येत होती. जीभ कात्रीसारखी, पण लिफ्टचं नाव काढलं की तोंडचं पाणी पळायचं. एका सकाळी तिने चष्मा काढला आणि म्हणाली, "पाय दिलेत ते बरं केलंत हो."

"कसले पाय?"

"खाली. आधी नुसती फरशी होती ना, भुतासारखं तरंगल्यासारखं वाटायचं. आता कसं, कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं. फक्त चपला जरा बऱ्या द्यायच्या होत्या."

ताईने हसून मान डोलावली, आणि ती गेल्यावर चष्मा स्वतः बांधून लिफ्टमध्ये उभी राहिली. खाली पाहिलं. धुरकट कडेचं थिगळ होतं, आणखी काही नव्हतं. पलीकडे गॅरेजमध्ये हवा भरण्याचं यंत्र धडधडत होतं. बाई थट्टेखोर आहे, ताईने स्वतःला सांगितलं.

त्याच आठवड्यात टॅक्सीवाला आला. त्याची गोष्ट अवघड होती. नदीवरचा पूल आला की त्याचे हात स्टिअरिंगवर गोठायचे, आणि पूल टाळता टाळता त्याचं निम्मं गिऱ्हाईक गेलं होतं. त्या दिवशी त्याने चष्म्यातला पूल पहिल्यांदाच शेवटपर्यंत पाहिला. घामाने निथळत होता, पण चेहरा उजळला होता.

"ताई, बायकी पाय दिलेत मला," तो म्हणाला. "चालतंय म्हणा. मी त्या पायांकडेच बघत राहिलो. ते नाही ना घाबरले, मग मी कशाला घाबरू?"

ताईने शक्य तितक्या सहज विचारलं, "कसे होते?"

"साधेच. अंगठ्याशेजारचं बोट लांब. तपकिरी चपला. डाव्या चपलेचा पट्टा तुटलेला असणार, काळ्या दोऱ्याने शिवलाय."

पार्लरवाली आणि टॅक्सीवाला बाकावर कधीच एकत्र बसले नव्हते. ताईने तरी दोघांच्या वेळा तपासल्या. मग डॉक्टरांना सांगितलं. ते हरखलेच. "मन स्वतःला आधार तयार करतं," ते म्हणाले. "बरे होतायत ना? मग पाय असू देत."

बरे होत होते, ह्यात शंका नव्हती. पार्लरवाली बहिणीच्या घरी, खऱ्या लिफ्टने, सगळ्यात वरच्या मजल्यावर जाऊन आली आणि तिथून ताईला फोन करून नुसतीच रडली. अंधाऱ्या जिन्याला भिणारे मास्तर जिना उतरले. गर्दीला भिणारी मुलगी बाजारात जाऊन भाजी घेऊन आली. ताईला ह्या माणसांचं फार कौतुक वाटायचं. न घाबरणाऱ्याला कसलं आलंय धैर्य? थरथरत का होईना, पण जो पाऊल टाकतो त्याचं खरं. आणि आता त्यातला प्रत्येक जण म्हणत होता की पाऊल टाकताना खाली कुणाचे तरी पाय होते.

डाव्या चपलेच्या पट्ट्याचं तिने कुणाला काही सांगितलं नाही. घरात तपकिरी दोरा नव्हता म्हणून काळ्याने तो पट्टा तिनेच शिवला होता.

३

आईच्या चपला दारामागच्या कपाटात, तळाच्या फळीवर होत्या. वर धुळीचा जाड थर. ताईला हायसं वाटलं. मग तिने एक चप्पल उलटी केली.

तळ घासून गुळगुळीत झाला होता. टाचेपाशी पिवळ्या रंगाचा ओघळ होता. पुलाचं चित्रण केलं तेव्हा कठड्याखालचे पट्टे नुकतेच रंगवलेले होते, आणि लेन्स पाय पुसत पुसत शिव्या घालत होता. ताई चप्पल हातात धरून तिथेच बसून राहिली. रंग जुना असेल. आई पूर्वी कुठे कुठे जायची, कुठेही लागला असेल. रस्त्यावर पिवळा रंग काय कमी असतो? एवढं सगळं मनाशी बोलून झाल्यावर तिने चप्पल होती तशी ठेवून दिली.

"काय शोधतेस?" आईने आतून विचारलं.

"काही नाही. थेंब घातलेस का डोळ्यांत?"

"घातले. निम्मे गालावर गेले."

ह्या थेंबांचाच घोर होता. आईला काचबिंदू होता. डोळ्यांचे डॉक्टर घरी येऊन तपासून गेले होते आणि जाताना जिन्यापाशी ताईला बाजूला घेऊन म्हणाले होते, "थेंबांचं काम संपलं. आता ऑपरेशन, आणि ते घरी होत नाही. ह्यात गेलेली नजर परत येत नाही, एवढं त्यांना समजावा." आईला कडेचं दिसणं बंदच झालं होतं. समोरचं ताट दिसायचं, पण कडेची वाटी ती चाचपडून शोधायची. नजर पुरती गेली तर चष्म्याचाही उपयोग नव्हता, कारण चष्म्यात बघायला डोळे लागतात. साऱ्या गावाला घराबाहेर काढणाऱ्या ताईला स्वतःची आई मात्र दाराबाहेर काढता येत नव्हती. हे तिला रोज, जेवताना, घासागणिक टोचायचं.

आपल्या इमारतीच्या जिन्याचं चित्रण तिने लेन्सकडून केव्हाच करून घेतलं होतं. तीन मजले, मधल्या वळणावरची खिडकी, मीटरची पेटी, आणि शेवटी खालच्या दाराशी काळ्या-पांढऱ्या फरश्या. आई चष्म्याला हात लावत नव्हती. "मला नको ते डबडं. त्यात माझाच आवाज येणार. मीच मला काय सांगू?"

त्या संध्याकाळी आई पाटावर पाय पसरून बसली होती. "पोटऱ्या भरून आल्यात बघ."

"घरात बसून?"

"दिवसभर चालल्यासारखं वाटतं हल्ली." मग हसली. "पुलावर वारा फार असतो नाही?"

ताई आठवू लागली. टॅक्सीवाल्याचं तिने आईला सांगितलं होतं. पूलही सांगितला होता. वाऱ्याचं सांगितलं होतं का? सांगितलं असेल. आई रोज सगळं खोदून विचारायची, आज कोण आलं, कुठवर गेलं, रडलं का. ताई बोलून जात असेल आणि विसरत असेल.

"तू बरी आहेस ना?" ताईने विचारलं.

"मी बरीच आहे. ती पोरं पोचली ना पलीकडे? मग झालं तर." आई आपल्याच पायांकडे बघत म्हणाली, "सगळ्यांना देऊन टाकले की आपल्यापुरते उरत नाहीत, एवढंच."

४

लेन्सने दुसऱ्या दिवशी जिन्याचं चित्रण पडद्यावर उघडलं. ताईनेच सांगितलं होतं, चष्म्यात जे दिसत नाही ते पडद्यावर दिसतं का बघ. एकेक मजला खाली सरकत गेला. वळण, खिडकी, मीटरची पेटी. खालच्या दाराशी आल्यावर वर कुठेतरी बादली आपटल्याचा आवाज आला, मग दार लागलं, मग कुणीतरी शिंकलं. चित्रणाच्या दिवशी हे झालं होतं. ते काढून टाकायचं राहून गेलं होतं.

"हे काय?" लेन्स पुढे वाकला.

"काय?"

"थिगळ."

काळ्या-पांढऱ्या फरश्यांवर धुरकट कडेचा गोल होता. एक पांढरी फरशी केसभर सरकलेली.

"मग? लावलंस ते."

"नाही ना ताई. वरच्या मजल्यांची लावली. ह्या जागेचं राहिलंय. इथे स्टँडचे पाय दिसायला हवेत." त्याने डोकं खाजवलं. "की लावलं मी? लग्नाच्या गडबडीत होतो तेव्हा..."

"लावलं असशील," ताई म्हणाली. तिचा आवाज जरा मोठाच निघाला. लेन्सने पडदा बंद करून टाकला, आणि मग दोघांनी गॅरेजवाल्याकडचा चहा मागवून भलत्याच विषयावर गप्पा मारल्या.

५

आई तयार झाली ती एका सकाळी चहाचा कप हातातून निसटला तेव्हा. कप तिच्या डोळ्यांसमोर होता, आणि तो तिला दिसला नव्हता. फुटलेल्या कपाकडे नाही, तर तो जिथे असावा असं तिला वाटत होतं तिकडे ती बघत बसली. "आण तुझं डबडं," ती म्हणाली.

ताईने तिला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं. चष्मा बांधला, पट्टा तिच्या विरळ केसांवरून अलगद ओढला. आईच्या मांडीवरचे हात एकमेकांना घट्ट धरून होते. चष्म्यातून बारीक आवाज येत होता, तिचाच. सावकाश. थांबायचं असेल तर थांब.

"भीती दहापैकी किती?" ताईने नेहमीचा प्रश्न विचारला.

"दहाच्या पुढे आहे का काही?"

"नाही."

"मग दहा." आईने मान खाली केली. खूप वेळ तशीच राहिली. मग तिचे हात सुटे झाले. "अगं, पाय आहेत की इथे."

"तुझेच असतील," ताई म्हणाली.

"माझे नाहीत. करड्या कॅनव्हासचे बूट आहेत. हिरवी नाडी." आई हसली. "तुझेच की गं."

ताईने खाली पाहिलं. तिने तेच बूट घातले होते. चष्मा बांधलेल्या माणसाला नाकाशेजारच्या फटीतून खालचं थोडं दिसतं, हे तिला ठाऊक होतं. दिसलं असेल. पण आईला कडेचं कुठे दिसत होतं?

"घेऊ का मी हे?" आईने विचारलं, लहान मुलीने विचारावं तशी. "ह्यांनी उतरेन मी. घेऊ?"

नियम ताईनेच केलेला होता, आणि आईला नाही म्हणणं तिच्या रक्तातच नव्हतं. "घे की," ती म्हणाली. "त्यात काय विचारायचं?"

आई पहिल्याच बैठकीत वळणापर्यंत गेली. मग रोज थोडं पुढे. दहाचे आठ झाले, आठाचे पाच. ज्या बाईने इतकी वर्षं साधं दार उघडून बाहेर डोकावलं नव्हतं, ती खुर्चीत बसून घामाघूम होत मजला मजला उतरत होती. ताई तिच्याकडे बघून मनातल्या मनात तिच्या पाया पडत होती. ह्या दिवसांत केंद्रात येणाऱ्या कुणालाच पाय दिसले नाहीत. "काढलेत वाटतं," पार्लरवाली म्हणाली. "हरकत नाही. आता नाही लागत."

ताईला स्वतःला मात्र सकाळी घराचं दार उघडताना हल्ली कडी जड लागायची. दगदग होतेय, ती म्हणायची.

६

ऑपरेशनच्या दिवशी टॅक्सीवाला आपणहून आला. "मावशींना मीच नेणार," त्याने बजावून सांगितलं होतं. "पुलावरून नेतो. तो रस्ता जवळचा आहे."

आईने धूळ बसलेल्या चपला झटकल्या आणि पायांत घातल्या. दारात थांबली. ताईने हात पुढे केला. आईने तो धरला आणि एक पाय बाहेर ठेवला. मग दुसरा. शेजारणीने दार उघडून पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. आई पुटपुटत होती, "सावकाश. थांबायचं असेल तर थांब. मी आहे इथे." स्वतःलाच सांगत होती बिचारी. ताईला इतका आनंद झाला होता की समोरच्या पायऱ्या पाण्यातून पाहिल्यासारख्या दिसत होत्या.

वळणावर आई खिडकीशी थांबली नाही. मीटरच्या पेटीपाशी तर तिने ताईचा हात सोडला. आता पुढे आई आणि मागे ताई. आपल्याला आपल्या पावलांचा आवाज येत नाहीये, हे ताईच्या तिथे लक्षात आलं. कॅनव्हासचे बूट, कसला येणार आवाज?

खालच्या दाराशी वर कुठेतरी बादली आपटली. मग दार लागलं. मग कुणीतरी शिंकलं.

इमारतीत बादल्या पडतातच, ताईने स्वतःला सांगितलं. माणसं शिंकतातच.

आईने दार ढकललं. उजेडाचा लोट आत आला. आई रस्त्यावर उतरली, मागे न बघता, आणि टॅक्सीवाल्याने मागचं दार उघडून धरलं. "या मावशी!" आई आत बसली. "चल गं, उशीर होतोय," तिने हाक मारली.

"आले," ताई म्हणाली, आणि पाऊल टाकायला म्हणून खाली पाहिलं.

काळ्या-पांढऱ्या फरश्या होत्या. त्यांवर धुरकट कडेचा गोल. एक पांढरी फरशी केसभर सरकलेली. त्यावर काहीच नव्हतं.

तिने मान वर केली तेव्हा टॅक्सीचं दार बंद होत होतं. बंद होण्याआधी, क्षणभर, आत जाणारा करडा बूट आणि हिरवी नाडी तिला दिसली. काचेआड आई बाजूच्या सीटकडे वळून कुणाशी तरी बोलत होती, हसत होती, इतक्या वर्षांत हसली नव्हती तशी. टॅक्सी निघाली आणि पुलाच्या दिशेने वळली.

नजर वाचेल तिची, ताईच्या मनात पहिल्यांदा हेच आलं, आणि तिला खरोखर बरं वाटलं. मग तिने पुढे जायचा प्रयत्न केला. पुन्हा केला. उजेड हाताच्या अंतरावर होता, आणि उचलायला काही नव्हतं.

परत येताना मिळतात, ती स्वतःशीच म्हणाली. किती जणांना तिने हे हसत हसत सांगितलं होतं. परत येताना मिळतात.

वर बादली आपटली. दार लागलं. कुणीतरी शिंकलं. आणि कानाच्या अगदी जवळ, स्वयंपाकघरात बसून बोललेला तो ओळखीचा आवाज म्हणाला, "सावकाश. थांबायचं असेल तर थांब. मी आहे इथे."